मर्मर

मराठीत हृदयासाठी शब्दांची टंचाई नाही. हृदय, अंतःकरण, ऊर, काळीज, झालेच तर मन आणि जीव. वर्गात शिकवताना या शब्दांच्या छटा आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर मांडत आलो. ऊर भरून येतो, काळीज तुटते, अंतःकरण द्रवते. हृदय मात्र बहुधा समासांतच बसलेले आढळते, हृदयद्रावक, हृदयस्पर्शी, सहृदय असे. त्यातही गंमत अशी की मटणाच्या दुकानात काळीज मागितले की पुड्यात यकृत बांधून मिळते. 'काळजी' हा शब्द या काळजावरूनच आला असावा असे सांगितले की विद्यार्थी हमखास वहीत टिपून घेत. जून २०१८ नंतर हा तास आम्हांला पूर्वीसारखा घेता आला नाही. त्या महिन्यात आमच्या मुलाचा जन्म झाला आणि हृदय हा शब्द आयुष्यात प्रथमच शब्दशः वापरावा लागला: बाळाच्याच मुठीएवढा, चार कप्प्यांचा, स्नायूंचा एक अवयव, आणि त्यात चार दोष.

येथे एक खुलासा. या लेखातील 'आम्ही' आदरार्थी नाही, संपादकीयही नाही. आम्ही दोघे अंबाजोगाईत मराठी शिकवतो. पुढे जे सांगायचे आहे त्यातले कोणाच्या वाट्याला किती आले याचा हिशेब आम्ही कधी केला नाही, म्हणून वाक्येही वेगळी करीत नाही.

सहाव्या आठवड्यात लसीकरणासाठी नेले तेव्हा डॉक्टरांनी बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि तो नेहमीपेक्षा बराच वेळ तिथेच राहिला. मग ते म्हणाले, "मर्मर आहे." आम्ही एकमेकांकडे पाहिले. मर्मर हा शब्द आम्हांला नवा नव्हता. संस्कृतात तो वाळल्या पानांच्या, वस्त्रांच्या सळसळीचा आवाज. इंग्रजीत तो लॅटिनमधून आला, पण दोन्हीकडे घडण तीच, नादाची नक्कल करणारी द्विरुक्ती. त्या क्षणी हे आठवणे हास्यास्पद होते; परंतु पेशाची सवय अशी, की संकट दारात उभे असतानाही ती आधी व्युत्पत्ती शोधते. डॉक्टरांच्या भाषेत मर्मर म्हणजे रक्त जिथून निमूटपणे वाहायला हवे तिथून आवाज करीत जाणे.

लातूरला इको झाला. फालोची चतुष्टयी (डॉक्टर नुसते 'टेट्रालॉजी' किंवा 'टीओएफ' म्हणतात). एतिएन-लुई फालो या फ्रेंच वैद्याने १८८८ साली या चार दोषांचे एकत्र वर्णन केले, म्हणून त्याचे नाव. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी नेमकी त्या भोकाच्या डोक्यावर सरकलेली. आणि अरुंद वाटेतून रक्त रेटण्याच्या कष्टाने उजव्या कप्प्याची जाड झालेली भिंत. जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. ही चतुष्टयी दहा हजारांत तीन-चार जणांच्या वाट्याला येते. दोष आईच्या खाण्यापिण्याने आला का, ग्रहणात काही चिरले होते का, असे प्रश्न घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने विचारले. बहुतेक मुलांच्या बाबतीत कारण एकाकडे बोट दाखवता येईल असे नसतेच, हे आम्ही पाठ केलेल्या कवितेसारखे सांगत राहिलो. विचारणाऱ्यांचे समाधान झाले नाही. त्यांना कारण नको होते, दोषी हवा होता.

फुप्फुसात न जाता काळपट रक्त तसेच शरीरात मिसळते, म्हणून अशी बाळे निळी पडतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती निळाई लपते. ती पाहायची असते जिभेवर, ओठांवर आणि नखांच्या मुळाशी. वॉर्डातल्या एका परिचारिकेने त्याला पहिल्याच दिवशी 'किसन' म्हणून हाक मारली. त्यात प्रेम होते यात शंका नाही. पण सातशे-आठशे वर्षांच्या आपल्या भक्तिकाव्याने सावळ्याचे, घननीळाचे जे वेड लावले, ते आम्ही ज्या गोडीने शिकवत आलो, ती गोडी त्या ऑक्टोबरात पार आटली. निळा रंग आम्ही बोटाला लावलेल्या यंत्रावरच्या आकड्यात मोजत होतो. ऐंशी असला तर जेवत होतो. सत्तर झाला की उठून उभे राहत होतो.

ऑक्टोबरचे कारण असे की बाळाला पहिला 'स्पेल' तेव्हा आला. सकाळी उठून तो रडू लागला, रडता रडता श्वास वाढला, ओठ जांभळे, मग जवळजवळ काळे झाले, आणि मान टाकली. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात (ग्रामीण भागातले आशियातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय अशी याची ख्याती, आम्हांला त्या सकाळी त्याची ख्याती नव्हे, अंतर महत्त्वाचे होते) एका निवासी डॉक्टरने त्याला हातात घेतले, त्याचे दोन्ही गुडघे दुमडून छातीशी घट्ट दाबले आणि प्राणवायू लावला. आम्हांला वाटले, हा त्याला चिरडतो आहे. काही मिनिटांत रंग परतला.

हे गुडघ्यांचे काय गौडबंगाल, ते त्याने नंतर वॉर्डात समजावले. तो शेतकऱ्याचा मुलगा होता. आमच्या शेजारच्या खाटेवर धारूरकडच्या एका ऊसतोड जोडप्याचे सात महिन्यांचे बाळ होते, दुखणे तेच. डॉक्टर आम्हां दोन्ही कुटुंबांना एकत्रच सांगत होता. "समजा, पाटाचं पाणी वावरात न्यायचंय. वावराचं तोंड गाळानं आवळलंय आणि वरच्या अंगाला बांध फुटलाय. पाणी कुठं जाईल?" शेजारच्या बाळाचा बाप म्हणाला, "फुटल्या बांधातून, दुसरं कुठं." "मग काय कराल?" "खालची चारी दाबायची. तिकडं वाट ऱ्हायली न्हाई की पानी आपसूक वावरात शिरतं." डॉक्टर म्हणाला, "गुडघे दुमडले की तेच होतं." पायांकडची वाट अवघड झाली की रक्त नाइलाजाने फुप्फुसाच्या अरुंद दारातून जाते. त्या बापाने मान डोलावली. जन्मात दारे न धरलेल्या आम्हां दोघांना हे रात्री वहीत आकृती काढून समजून घ्यावे लागले. मोठी झालेली, शस्त्रक्रिया न झालेली अशी मुले खेळता खेळता धाप लागली की आपणहून उकिडवी बसतात, हेही त्यानेच सांगितले. त्यांना कोणी शिकवलेले नसते.

आणि मग त्याने जे सांगितले ते आमच्या डोक्यातून अजून गेलेले नाही. स्पेल आला की मर्मर हळू होते. कधी कधी ऐकूच येत नाही. कारण तो आवाज मुख्यतः अरुंद दारातून घुसणाऱ्या रक्ताचा असतो. दार जवळजवळ मिटले की आवाज मिटतो. म्हणजे अडीच-तीन महिने ज्या आवाजाला आम्ही रोग समजत होतो तो आवाज रक्त अजून वाट काढते आहे याची खूण होता. भय धरायचे ते शांततेचे.

हा विचार साहित्याच्या माणसाला फार मोहात पाडणारा आहे, हे आम्ही जाणतो. त्यावर दोन-तीन पाने सहज लिहिता येतील. परंतु रात्री तीन वाजता खाटेशेजारी उभे राहून बाळाच्या छातीला कान लावला की रूपक सुचत नाही. ऐकू येते का, एवढाच प्रश्न असतो. आम्ही तासातासाने, पाळीपाळीने कान लावत असू. स्टेथोस्कोपशिवाय आम्हांला ठोक्यांपलीकडे नेमके काही कळत नव्हते हे खरे. तळव्याला मात्र कळायचे. बाळाच्या छातीवर हात ठेवला की हाताखाली मांजर घुरघुरावी तशी एक बारीक थरथर जाणवे, आणि ती जाणवली की पाठ टेकत असू.

पुढे कळले की हाताने हृदय ऐकणारे कोणी आमच्या आधी होऊन गेले आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. हेलन टॉसिग यांना तरुणपणीच ऐकू येईनासे झाले होते. निळ्या बाळांच्या छातीवर बोटे ठेवून त्या हृदये वाचत. या बाळांच्या फुप्फुसाकडे जास्तीचे रक्त वळवता येईल ही कल्पना त्यांची. शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर तशी पहिली शस्त्रक्रिया केली. तिचे वजन चार किलोंच्या आसपास होते, म्हणजे आमच्या चार महिन्यांच्या मुलाइतकेच. ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाके कसे घ्यायचे ते सांगत होते व्हिव्हियन थॉमस, वैद्यकीय पदवी नसलेले, कृष्णवर्णीय प्रयोगशाळा साहाय्यक, ज्यांनी ती शस्त्रक्रिया आधी कुत्र्यांवर बसवली होती. नावात त्यांना जागा मिळायला कित्येक दशके गेली. असो.

प्रॉप्रानोलॉलचे थेंब, लोहाचे थेंब आणि वजन, ही आमच्या पुढच्या पाच महिन्यांची त्रिसूत्री. शस्त्रक्रिया करायची तर बाळ थोडे मोठे व्हायला हवे आणि बाळ मोठे होत नाही ते हृदयामुळेच. या चक्रात आम्ही वाटी-चमच्याने दूध पाजत होतो. पाच चमच्यांनंतर त्याच्या कपाळावर घाम येई. आपण चढ चढून दमतो तसा तो दूध पिऊन दमे. आणि मुख्य म्हणजे त्याला रडू द्यायचे नव्हते. रडणे हाच धोका. कोणत्या बाळाला असे वाढवता येते? भूक लागण्याच्या आत दूध, झोप मोडण्याच्या आत थोपटणे, सुई टोचायची तर आधी साखरपाण्याचा बोळा. अंगाई हा वाङ्मयप्रकार आम्ही लोकसाहित्याच्या पेपरात शिकवतो, त्यातली लय, आवर्तने, मातेचे भावविश्व इत्यादी. वॉर्डात ती औषधाच्या तक्त्यात लिहावी अशी गोष्ट होती.

या बाबतीत आमची गुरू शेजारच्या खाटेवरची आजी. २०१८ साली पावसाने दगा दिला. ऑक्टोबरअखेर शासनाने दुष्काळ जाहीर केला तोवर बीड जिल्ह्यातले कोयते निघूही लागले होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. मुकादमाकडून दोघांच्या नावाने उचल घेतलेली असते, त्यामुळे एकाने मागे राहायची सोय नसते. बाळाच्या आईने अंगावरचे दूध तोडले, दोन दिवस पदर ओला करीत बसून राहिली आणि दिवाळीच्या तोंडावर नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये बसून कारखान्याला गेली. आजी राहिली. तिने आम्हांला पहिल्या दिवशी विचारले होते, "मास्तर, तुमचं बी लेकरू निळंच का?" आम्ही हो म्हणताच तिचा चेहरा किंचित सैल झाला होता. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. आमचाही झाला होता.

आजी ओव्या म्हणे. जात्यावरच्या ओवीला जात्याचा फेर असतो, तिची लय दोन्ही हातांच्या रेट्याची. आजी ती इतकी मंद करी की ओवी ओवी राहत नसे, शब्दांमध्ये श्वास येई. बाळ निवले की ती जिथे असेल तिथे थांबे, चरण पुरा करीत नसे. आम्ही सुरुवातीला उरलेला चरण ऐकण्यासाठी कान टवकारून बसत असू. आमच्यापैकी एकाने न राहवून विचारलेच, "आजी, पुढं काय आहे?" ती म्हणाली, "पुढं काय करायचंय? निजलं की." एवढी वर्षे आम्ही ओव्यांचे संकलन, पाठभेद आणि संहिता यांवर बोलत आलो, त्या बाईला संहितेशी देणेघेणे नव्हते. आमचे बाळ तिच्या आवाजाला आमच्यापेक्षा लवकर शांत होई, हे नमूद करायला हवे.

मध्ये पंधरा दिवस आम्ही घरी होतो, परत येणे झाले ते छातीतल्या संसर्गाने. घर जयंती नदीच्या अंगाला. गावात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी आहे, योगेश्वरीचे देऊळ आहे. 'विवेकसिंधु' इथे लिहिला गेला की वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला, हा वाद आम्ही दरवर्षी परीक्षेत विचारतो. आईवडिलांनी योगेश्वरीला नवस बोलला, आम्ही अडवले नाही. मराठवाड्यात विशीतिशीच्या कोणत्याही घरात असते तसेच आमचे घर, एका खिशात इकोचा रिपोर्ट आणि दुसऱ्यात अंगारा. दोन्ही कागदात बांधलेले.

शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासायची, जन्मजात दोष हुडकायचे आणि उपचारांपर्यंत न्यायचे, असे त्याचे काम. आजीच्या नातवाचा आजार तिथेच सापडला होता, गावच्या अंगणवाडीत. कागद पूर्ण झाले होते, फेब्रुवारीची तारीखही मिळाली होती. ती तारीख आजीला वाचता येत नसे, म्हणून आम्ही तिला रोज सांगत असू की आता इतके दिवस उरले. तिने पदराला गाठी मारल्या होत्या.

संक्रांतीच्या चार दिवस आधी, पहाटे, त्याला स्पेल आला आणि तो परतला नाही. गुडघे दुमडले होते, प्राणवायू होता, सुई होती, तोच शेतकऱ्याचा मुलगा पाऊण तास त्याच्यावर वाकलेला होता. जे करायचे ते सगळे झाले. आई-बाप कारखान्यावरून रात्री पोचले, दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परत गेले. उचल फिटली नव्हती. आजीने जाताना आमच्या बाळाच्या तळव्याला काजळाचा ठिपका लावला आणि आम्हांला म्हणाली, "ह्याला रडू देऊ नका." त्या दिवशी वॉर्डात आम्हीच काय ते रडलो, आणि तेही बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन, कारण आत आवाज करायचा नव्हता.

दुःखाविषयी आपल्या साहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे चांगलेही आहे. पण उचलीच्या हिशेबाने शोकाला किती तास मिळतात, याचा उल्लेख आम्हांला त्यात फारसा भेटलेला नाही. हे आम्ही तक्रारीच्या सुरात म्हणत नाही. आता शिकवताना ते बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, इतकेच.

मार्च २०१९ मध्ये बाळ सहा किलो आठशे ग्रॅमचे झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मुंबईच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली. अंबाजोगाईला रेल्वे नाही (बीड शहरालासुद्धा ती २०२५ साली मिळाली), म्हणून लातूरपर्यंत जीप आणि तिथून रात्रीची गाडी. बारा-तेरा तासांचा प्रवास, बरोबर प्राणवायूचे नळकांडे, आणि डब्यातल्या लोकांना विनंती की बाळाला कोणी हसवू-खेळवू नका. लोकांनी ती विनंती इतकी पाळली की सबंध डबा कुजबुजत बोलत होता. लातूर ते मुंबई एवढा शांत डबा आम्ही पुन्हा पाहिला नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी साडेसातला त्याला आत नेले. बाहेर लोखंडी बाकांवर आमच्यासारखे पुष्कळ. त्या साडेसहा तासांत आमच्यापैकी एकजण जप करीत होता आणि दुसरा मोबाइलवर वाचत होता. कोण काय करीत होते ते सांगत नाही. जे वाचले ते असे. हृदय उघडून दुरुस्त करायचे तर तेवढा वेळ रक्ताला प्राणवायू देणारे यंत्र हवे. १९५४ साली असे भरवशाचे यंत्र नव्हते. तेव्हा मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राच्या जागी माणूस जोडला. २६ मार्च १९५४ रोजी जेमतेम वर्षाच्या मुलाशेजारी त्याच्या बापाला निजवले, नळ्यांनी दोघांचे रक्ताभिसरण जोडले. मुलाचे काळपट रक्त बापाच्या अंगातून फिरून लाल होऊन परत मुलाकडे. पडद्याचे भोक शिवले गेले. एका शस्त्रक्रियेत दोन जीव जाण्याचा धोका होता. बाप वाचला, मुलगा अकराव्या दिवशी गेला. तरी ते थांबले नाहीत, आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला याच पद्धतीने फालोच्या चतुष्टयीची पहिली संपूर्ण दुरुस्ती झाली.

त्या बाकावर बसून आम्हांला त्या अनोळखी बापाचा हेवा वाटला. त्याचा मुलगा गेला हे वाचूनही वाटला. त्याला काहीतरी करता आले होते. आमच्याकडे एक फाइल होती, रक्तपेढीची पावती होती आणि दुधाची वाटी, जी सवयीने बरोबर घेतली होती.

दुपारी दोनला दार उघडले. अतिदक्षता विभागात बाळ नळ्यांच्या जाळ्यात निजले होते आणि त्याचे ओठ गुलाबी होते. आम्ही ते ओळखले नाहीत. नऊ महिन्यांत आम्ही त्याचे ओठ त्या रंगात पाहिलेच नव्हते. तिसऱ्या दिवशी घशातली नळी काढली आणि तो रडला, आधी घोगरा, मग खणखणीत. आमच्यापैकी एकाचे हात त्याचे गुडघे दुमडायला पुढे गेले, तेव्हा परिचारिका हसून म्हणाली, "रडू द्या हो ताई, रडायलाच हवं, फुप्फुसं उघडतात." पुढची दहा मिनिटे आम्ही दोघे हात बांधून उभे राहिलो आणि तो रडत राहिला.

आज तो शाळेत जातो. शस्त्रक्रिया झाली म्हणजे संपले असे या आजारात नसते. वाट रुंद करताना झडप पुरती मिटेनाशी होते, थोडे रक्त माघारी गळते, पुढे कधीतरी झडप बदलावी लागू शकते. म्हणून दरवर्षी इको आणि त्याच्या छातीत अजून मर्मर आहे. मागच्या तपासणीला वैद्यकीय शाखेचे पाच-सहा विद्यार्थी होते. सरांनी त्यांना आवाज ओळखायला सांगितला. एका मुलीला तो सापडेना. ती डायफ्रॅम इकडेतिकडे सरकवीत होती आणि घामाघूम झाली होती. आमच्या चिरंजीवांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग शर्ट आणखी वर केला, तिचा हात धरला आणि म्हणाले, "इथं नाही ताई. जरा वर, डावीकडं. आता ऐक."